गेटजवळची रांग

ख्रिस्ती कब्रस्तानातल्या आमच्या रांगेतले कडुलिंब आता चांगले डोक्यावर गेलेत. कुणाला माती द्यायला लोक आले की त्यांच्याखाली उभे राहतात आणि कोणीतरी हमखास म्हणतं, बाईंनी पोटच्या पोरांसारखी वाढवली ही झाडं. पूर्वी असं कौतुक कानावर आलं की मी पदर सावरून आणखी दोन शब्द ऐकायला थांबायचे. आता काहीतरी काम काढून बाजूला होते.

मुळात कल्पना माझी नव्हतीच. ती भाऊंची. भाऊ एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला होते आणि सुटीच्या दिवशी तिकडेच एका पत्र्याच्या खोलीत लहानशी सभा चालवायचे. पास्टर म्हणवून घ्यायला लाजायचे, म्हणून सगळे त्यांना भाऊच म्हणत. आमचं चर्च मिशनच्या काळातलं, दगडी. दुसरं कॅथलिकांचं. तिसरी ही भाऊंची सभा. तिन्हींचं कब्रस्तान तेवढं एक, बाकी सगळा सवतासुभा. एका मे महिन्यात मातीच्या वेळी एक म्हातारी उन्हानं चक्कर येऊन पडली, तर तिला टेकवायला तिथं एक झाड नव्हतं. तेव्हा भाऊ म्हणाले, "एवढी जमीन देवानं दिली, अन् आपण तिच्यात निस्ते मुडदे पुरून राह्यलो. तिन्ही चर्च मिळून झाडं लावू ना."

कॅथलिकांचे फादर लगेच हो म्हणाले. आमचे पाळकसाहेबही हो म्हणाले. समितीची सेक्रेटरी मला केलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि माझ्याशी वाद घालायची सहसा कोणाची तयारी नसते.

इथं मी माझं शहाणपण काढलं. शाळेत शिकवत होते तोवर मी बाग केली ती वर्गवार वाफे पाडून. दर वर्गाला एक वाफा, वाफ्यावर वर्गाची पाटी. पोरं चुरशीनं पाणी घालायची. तोच प्रकार मी कब्रस्तानात आणला. तीन चर्च, तीन रांगा, दर रांगेत नऊ लिंब आणि टोकाला चर्चच्या नावाची पत्र्याची पाटी, माझ्या अक्षरात. गेटजवळची रांग भाऊंच्या सभेची, मधली कॅथलिकांची, मागच्या भिंतीकडची आमची. ज्यानं त्यानं आपापल्या रांगेला पाणी घालायचं, असा नियम.

भाऊ पाट्या बघून हसले. "बाई, इथं खाली निजलेले कोण्या चर्चचे हायेत, ते कोणी पुसतं का? मंग झाडाला काहून पाटी?"

"नाव असलं की लाज असते," मी म्हणाले. त्या वाक्यावर मी स्वतःच फार खूश झाले होते.

पावसाळा आणि हिवाळा झकास गेला. तिन्ही रांगा तरारल्या. रविवारी भक्ती आटोपली की मी छत्री घेऊन तिकडं जायचे आणि छत्री रोपांना लावून कोणाची रांग किती वाढली ते बघायचे. वय विसरून असले चाळे केलेत मी. आमची रांग वीतभर पुढं होती.

मार्चमध्ये कब्रस्तानाच्या बोअरचं पाणी गेलं. आमच्या मंडळीतल्या एकाचा टँकर होता, तो रोज संध्याकाळी गेटपाशी उभा राहायचा आणि तिथून पाइप थेट मागच्या भिंतीपर्यंत जायचा. फादर जीपमधून ड्रम आणायचे. भाऊंची माणसं ड्यूटी सुटली की मिलमधून पाण्याचे कॅन भरून मोटारसायकलवर आणत. मग मिलनं पाणी बाहेर न्यायला मनाई केली.

भाऊ माझ्या घरी आले. अंगावर ड्यूटीचे कपडे तसेच होते. म्हणाले, "बाई, आठ-पंधरा दिवसाचा सवाल हाये. पाण्याचा बंदोबस्त करून राह्यलो मी. तवर तुमचा पाइप आमच्या रांगीवरूनच जातो, जरासा आमच्या आळ्यायत बी धरा ना."

मी त्यांना नियम ऐकवला. आज तुम्हाला दिलं तर उद्या कॅथलिक मागतील. ईस्टर झाला की मिटिंग आहे, तिच्यात विषय ठेवू. ते "बराबर हाये" म्हणाले, चहा संपवला आणि गेले.

एवढ्यावर थांबले असते तरी मला आज इतकं लागलं नसतं. आमच्या पाइपाचा एक जोड नेमका भाऊंच्या रांगेत गळत होता. आठ रोपांनी माना टाकल्या होत्या आणि त्या जोडाखालचं नववं हिरवंगार होतं. मी ते नीट पाहिलं. मग पाणी वाया जातंय म्हणून वॉचमनला बोलावलं आणि जोडावर सायकलची जुनी ट्यूब करकचून बांधून घेतली.

त्या वर्षीचा गुड फ्रायडे तिन्ही चर्चनी एकत्र करायचं ठरलं होतं. क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जणांनी बोलायचं, कोणी कशावर ते चिठ्ठ्या टाकून. मला पाचवा आला, तहानेचा. चार पानं लिहून काढली मी. तहानलेली जमीन, आपल्याकडच्या बायकांच्या डोक्यावरचे हंडे, मुक्या झाडांची तहान, सगळं घातलं. योग्य जागी आवाजही खाली आणला. भाऊ तिसऱ्या बाकावर बसले होते, आजूबाजूला त्यांची माणसं, धुतलेल्या कपड्यांत. ते गुणी विद्यार्थ्यासारखे मन लावून ऐकत होते. वाटलं, इथंच थांबावं आणि सगळ्यांसमोर बोलून टाकावं. मी पान उलटलं आणि भाषण पूर्ण केलं.

बाहेर पडताना ते म्हणाले, "बाई, लई चांगलं बोलल्या." टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं.

ईस्टरच्या पहाटे सगळे मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात गेलो. उजाडलं तसं गेटजवळ नऊ काड्या दिसल्या, आणि टोकाला माझ्या वळणदार अक्षरातली पाटी. भाऊंची माणसं तिथं थोडा वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले आणि दोन तास त्या काड्यांना पाणी घातलं. वॉचमन म्हणाला, "बाई, आता ह्याचा काही उपेग न्हाई." मला ते कळत होतं, तरी पाइप बंद करवेना.

मिटिंगला भाऊ आले नाहीत. पुढच्या एकत्र भक्तीला त्यांची सभा आली नाही. शेवटी मीच त्यांच्या पत्र्याच्या खोलीवर गेले. म्हटलं, पावसाळ्यात नवीन रोपं लावू, पाटी काढून टाकू, पाणी मी स्वतः घालीन.

"झाडाचं सोडा बाई, झाडं पुन्हा लागतेल," भाऊ म्हणाले. "मी आमच्या लोकायला सांगितलं होतं, आता तिन्ही चर्च एकच हावोत. ते मला पुसून राह्यले, मंग पाणी काहून न्हाई दिलं? तुम्हीच सांगा, काय सांगू मी त्यायला?"

उत्तर मला माहीत होतं. आमची रांग सगळ्यांत उंच दिसावी, एवढंच काय ते. तसं बोलले असते तर त्यांनी माफ केलं असतं, आणि त्यांच्या माणसांनीही केलं असतं, याची मला आजही खात्री आहे.

"टँकरचं पाणीच पुरत नव्हतं," मी म्हणाले.

भाऊंनी मान हलवली. टँकर रोज अर्धा भरलेला त्यांच्या दारावरूनच परत जायचा.