रिकाम्या बाजेवरचा लाल डाग

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भूत, भानामती असलं कुणी सांगायला लागलं की चार उलटे प्रश्न विचारून त्याला गप्प करायची माझी खोड. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहिते.

बाहत्तरचा दुष्काळ. पारनेरपासून तीन कोसांवर आमचं गाव. वडील नव्हते. आई आणि दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मी सतरा वर्षांची, घर बघायचे. दादा ओसरीत सुंभाच्या बाजेवर झोपायचा. एका सकाळी त्याने पाठ दाखवली — लाल गांध्या, एका रांगेत. आईने गोधडी उलटली आणि मला शिकवलं, "ह्ये काळं ठिपकं म्हंजी ढेकनांची घान. सुंभात पांढरी सालपटं हायेत, ती त्यांची कात. आन् ह्यो लाल डाग... मानूस कुशीवर वळला की अंगाखाली ढेकून चिरडतो, त्याचा."

उपाय एकच, सांध्यासांध्यात उकळतं पाणी. पण विहिरी कोरड्या, टँकर चार-चार दिवसांनी यायचा. आईने एक हंडा राखून ठेवला होता. "आज बाजंवर वत," म्हणाली आणि दोघं कामावर गेली.

मी पाणी तापवलं. महिनाभर डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं, केसांच्या जटा झाल्या होत्या. त्या पाण्याने मी न्हाले. बाज नुसती उन्हात टाकली.

संध्याकाळी दादाने विचारलं, "वतलं का गं पानी?"

"व्हय, वतलं की."

पुढच्या चार रात्री तो तळमळला. माझ्यावर शंका मात्र घेतली नाही. "माज्याच अंगात उष्नता झाली आसंल," म्हणाला. पाचव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, खाणीच्या काठावर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला आणि तो खाली दगडांवर कोसळला. माझा दादा चोवीस वर्षांचा होता.

तेरावा झाल्यावर मी वाट्याचं पाणी साठवून दोन हंडे त्या बाजेवर उकळतं ओतलं. गोधडी उकळली, सगळं आठ दिवस उन्हात ठेवलं. ठिपके नाहीत, सालपटं नाहीत, एक ढेकूण उरला नाही. बाज कुणाला द्यायला आईचं मन होईना, म्हणून गोधडी अंथरून ओसरीतच ठेवली. तिच्यावर कुणी बसतसुद्धा नव्हतं.

तिसऱ्या सकाळी गोधडीवर लाल डाग होता. ओला. दादाचा खांदा यायचा तिथे. मी धुतला... दुसऱ्या दिवशी पुन्हा. गोधडी बदलली तरी तेच. डाग पडायला वर कुणालातरी कुशीवर वळावं लागतं, हे मला आईनेच शिकवलं होतं.

आठवडाभराने मी आईला सगळं सांगून टाकलं. ती सुपातले खडे निवडत राहिली.

"ठावं हाय," ती म्हणाली. "त्या सांजंला तुजी येनी वली हुती."

"मग बोलली का न्हाईस?"

"म्हनलं, फुडच्या टँकरला बघू. टँकर आलाच न्हाई."

मग ती उठली आणि भर दुपारी त्या बाजेवर आडवी झाली. कडेला, एका माणसाची जागा सोडून. "नीज आता, बाबा," म्हणाली. दिवस कलेपर्यंत ती तशीच पडून होती.

त्यानंतर डाग पडला नाही. शिकवलेलं सगळं मी लावून बघितलं, आजही उत्तर सापडलेलं नाही. पण डाग थांबल्यावर मी ढसाढसा रडले. ते पडत होते तोवर रोज सकाळी उठून धुवायला दादाचं काहीतरी होतं.