काचेमागची कस्ती

समजा, तुमच्या हातात लोकरीची एक पोकळ नळी आहे. लांबी नऊ-दहा हात, रुंदी करंगळीच्या नखाएवढी. ती तुम्हाला आतून बाहेर उलटायची आहे. साधन म्हणजे एक लांब सुई आणि तिला ओवलेला दोरा. सुई आत सोडायची, बोटांनी चाचपत पुढे सरकवायची, आणि मग नळीचं सगळं अंग तिच्याच पोटातून हळूहळू ओढून काढायचं. नळीच्या बहात्तर धाग्यांतला एक जरी तुटला तरी महिन्याचं काम वाया गेलं.

परभणी स्टेशनसमोर चहाचं हॉटेल चालवणाऱ्या खोदादाद इराण्याची बायको मरवारीद हे काम डोळे मिटून करते. नजरेला यातलं काही कळत नाही, बोटांना कळतं, असं तिचं म्हणणं.

ही नळी म्हणजे कस्ती. जरथुस्त्री माणूस ती कमरेला तीन वेढे देऊन बांधतो आणि रोज प्रार्थनेच्या वेळी सोडून पुन्हा बांधतो. मुलाला ती पहिल्यांदा बांधली की तो धर्मात आला. मरवारीद इराणात यज्दजवळच्या खेड्यात वाढली. तिकडे शेतकऱ्यांच्या घरच्या बायकाही कस्ती विणतात. तिची आई विणायची. इकडे पारशांमध्ये मात्र हे काम दस्तुरांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, घरातल्या बायकांचं. लग्न होऊन एकोणीसशे एकोणतीस साली ती परभणीला आली, तेव्हा तिच्या हातची कस्ती इथं कुणी बांधणार नाही हे तिला पहिल्या वर्षातच समजलं. तिने विणायची चौकट सोडवली आणि ट्रंकेत ठेवली.

ती चौकट बाहेर निघाली कासाबाईमुळे. कासाबाई बोरीची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात तिची मेंढरं परभणीच्या शिवारात बसली होती. एका दुपारी ती हॉटेलच्या सावलीला टेकली. बोलताना, चालताना तिच्या हातात सूत काढायची चाती सतत फिरायची. मरवारीदने मागचा-पुढचा विचार न करता ती तिच्या हातून काढून घेतली आणि केसाएवढा बारीक धागा काढून दाखवला. कासाबाईने तो उन्हात धरला, दातात धरला, आणि म्हणाली, "हॉटेलात कशाला बसलीस गं, धनगराच्या घरी यायचं व्हतंस."

तेव्हापासून दर कातरणीला कासाबाई कोकरांचं जावळ आणून द्यायची. पहिल्या कातरणीची ही लोकर मऊ असते. पण आपल्याकडची मेंढी बहुतेक काळी आणि कस्तीला लागते पांढरी. मग कळपातली चार-पाच पांढरी मेंढरं ती वेगळी राखू लागली. यावरून तिची चेष्टाही चालायची. "बामनाच्या जानव्याला सूत चालतंय. तुमच्या देवाला काय थंडी वाजायली व्हय?" विणलेल्या कस्त्या मात्र ट्रंकेतच जायच्या.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या साली जिनिंग फॅक्टरीचे मॅनेजर होरमसजी हॉटेलात एक छापील पत्रक घेऊन आले. मुंबईत एक मंडळ निघालं होतं. इराणी, कुर्द आणि पारशी ही एकाच जुन्या मुळाची तीन खोडं. वाटा वेगळ्या झाल्या तरी नवरोज, नव्या वर्षाचा सण, तिघांचा एकच, तेव्हा तिघांना पुन्हा एकत्र आणायचं, असं त्यात लिहिलं होतं. होरमसजी त्या मंडळाचे जिल्ह्याचे चिटणीस. येत्या नवरोजला मुंबईत मोठी सभा आणि प्रदर्शन होणार होतं, आणि काही मुलांना कस्ती बांधली जाणार होती. ते मरवारीदला म्हणाले, आता दस्तूर आणि बाकीचे हा भेद राहणार नाही. पाच कस्त्या विणा, त्याच मुलांच्या कमरेला बांधू, त्या मांडून ठेवू तिथे तुमचं आणि तुमच्या आईच्या गावाचं नाव लावू.

खोदादादने त्या रात्री तिला एवढंच सांगितलं की पारशी आपला चहा पितात, आपला धागा घेत नाहीत. तिने ऐकलं नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला विण म्हणालं होतं. ट्रंकेतल्या जुन्या तिने दिल्या नाहीत. या मुलांसाठी म्हणून नव्याने विणल्या. पाचव्या कस्तीला पांढरी लोकर कमी पडली, तेव्हा कासाबाईने कानतुट्या मेंढीच्या मानेची थोडी तांबूस लोकर दिली. मरवारीदने ती एका कडेला घेतली.

नवरोजला दोघी मुंबईला गेल्या. कासाबाईला यायचंच होतं. तिची लोकर कुणाच्या पोराला बांधतात ते तिला बघायचं होतं. सभागृहात चांदीच्या तबकात कस्त्या ठेवल्या होत्या. मरवारीदने जवळ जाऊन पाहिलं. एकही तिची नव्हती. त्या दस्तुरांच्या घरांतून आल्या होत्या. मुलं रांगेने आली, कस्त्या बांधल्या गेल्या, लोकांनी फुलं टाकली.

मग बाजूच्या खोलीतून कासाबाईची हाक आली. ती एका काचेच्या पेटीला नाक लावून उभी होती.

"आगं, ही तर आपल्या कानतुटीची मान!"

पेटीत पाचवी कस्ती होती. रंग पिवळट. चहाच्या पाण्यात बुडवून ती जुनी केली होती. चहाचा डाग मरवारीदला ओळखायला वेळ लागला नाही. शेजारच्या कार्डावर गुजराती आणि फारसीत लिहिलं होतं: 'कुर्दिस्तानातल्या डोंगरी कुटुंबातली कस्ती. सुमारे दोनशे वर्षं जुनी.'

होरमसजी तिला कोपऱ्यात घेऊन गेले. दस्तूर मंडळी ऐकेनात, आपला नाइलाज झाला, बाकीच्या चार सांभाळून ठेवल्यात, असं सांगत राहिले. कुर्दांकडची एकही वस्तू मिळाली नव्हती. तीन भावांच्या घरात एक खोली रिकामी कशी दाखवायची? तुमच्याच हातचं काम लोक बघायला लागलेत, हे काय कमी आहे?

"माझं नाव कुठंय?" तिने विचारलं.

"बाई, नाव लिहिलं तर ती जुनी कशी राहील?"

ती पेटीकडे परत आली. आता तिथे एक उंच माणूस उभा होता. अबादानहून आलेल्या तेलाच्या जहाजावरचा कामगार, किर्मानशाहकडचा कुर्द, धर्माने मुसलमान. त्याने टोपी काढून हातात घेतली होती. तिच्या तोंडावळ्यावरून इराणी ओळखून तो फारसीत बोलू लागला. त्याची आजी कमरेला लोकरीचा दोरा बांधायची. का बांधते ते तिने कुणालाच सांगितलं नाही, आणि ती मेल्यावर दोराही तिच्याबरोबर गेला. घरात सगळे तिला वेडी म्हणायचे, तोही म्हणायचा. "आज कळलं," तो म्हणाला. त्याने बोटं काचेवर ठेवली आणि मग कपाळाला लावली.

मरवारीद काही बोलली नाही. तो जाईपर्यंत उभी राहिली.

मनमाडला गाडी बदलताना कासाबाईने विचारलं की तो लांबडा काय म्हणत व्हता. मरवारीदने सांगितलं. कासाबाईने होरमसजींना धनगरी शिव्या घातल्या, त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मरवारीद हसली नाही.

याला तीन वर्षं झाली. होरमसजी अजून हॉटेलात येतात, खोदादाद त्यांना चहा देतो, ती आतून बाहेर येत नाही. चार कस्त्या परत आल्या नाहीत. मंडळाच्या अहवालात कुर्दांच्या कस्तीचा फोटो आला, तो होरमसजींनी टेबलावर ठेवला होता; खोदादादने कप उचलला आणि फोटोवरून फडकं फिरवलं.

चौकट पुन्हा ट्रंकेत गेली आहे. कासाबाई जावळ आणते आणि दोघी नुसतं सूत काढत बसतात. होरमसजींचं नाव निघालं की मरवारीद खांदे उडवते. पण त्या जहाजावरच्या माणसाचं नाव तिला माहीत नाही, आणि तो तिच्या डोक्यातून जात नाही. परवा चाती थांबवून ती कासाबाईला म्हणाली:

"कार्डावर खोटं त्यांनी लिवलं. मी तितं उभी ऱ्हायले अन् गप बसले. त्या बिचाऱ्याला फसवलं कुणी, कासाबाई?"