रविवारी मी नवरी नाही

"मीटिंग रविवारी सकाळी नऊला, कोयलीला, प्लांटवरच," आमचे मॅनेजर प्रधानसाहेब फोनवर म्हणाले. "क्लायंट येतोय. प्लॅन तुम्हीच मांडायचा, साळवे मॅडम."

"सर, रविवारी सकाळी मी नवरी नाही," मी म्हणाले.

माझ्या मागे कंप्रेसर धडधडत होता. त्यांच्यापर्यंत 'रविवारी' आणि 'नवरी' एवढंच पोचलं असावं. "अहो, आधी सांगायचं नाही का!" म्हणत त्यांनी मीटिंग सोमवारवर ढकलली आणि फोन ठेवला.

गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, मोकळी. आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांच्या तोंडात हा शब्द कधी शिरला, पत्ताच लागत नाही. साहेब पुण्याहून नुकतेच आलेले. मी त्रेचाळीस वर्षांची, अविवाहित. चहाच्या वेळेला माझ्या टीममधल्या भावनाबेन साहेबांकडून ऐकून धावत आल्या.

"छानांमानां लगन करवां छे? अमने कहेवुंये नथी?" गुपचूप लग्न करतेस आणि आम्हाला सांगतही नाहीस, असा त्यांचा रुसवा.

हसावं की रडावं कळेना. कारण तो रविवार मला खरंच हवा होता.

मी शटडाऊन प्लॅनर आहे. शटडाऊन म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट ठरवून बंद ठेवणं. कोणतं काम कशाच्या आधी, हे मी ठरवते. एखादं काम थोडं लांबलं तरी बाकीचं अडू नये म्हणून मध्ये मोकळा वेळ असतो, त्याला आम्ही फ्लोट म्हणतो. क्रेनला फ्लोट, वेल्डरला फ्लोट. माझ्या आठवड्यात मात्र शून्य. पूर्वी रविवारी चर्चमध्ये बसलं की वाटायचं, आपलं सगळं प्रभूच्या हातात आहे. मग आठवडा जड जात नसे. गेले कित्येक महिने उपासना चुकत होती आणि ते समाधान कुठे गेलं, मला सापडत नव्हतं.

आता रविवार आयता मिळाला होता, पण खोट्या लग्नाच्या नावावर. शनिवारी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, लग्न नाही. उपासना आहे. चर्चची."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"पण इतके रविवार तर तुम्ही साइटवर होतात. आत्ताच काय झालं?"

नेमकं हेच मलाही कळत नव्हतं. "सर, हल्ली मला प्रार्थनेतही क्रेन दिसते," मी म्हणाले. साहेब हसले नाहीत.

"मग मीटिंग पुन्हा रविवारी ठेवतो."

"ठेवा. प्लॅन भावनाबेन मांडतील. मी येणार नाही."

"हे तुमच्या रिव्ह्यूमध्ये जाईल."

"हो, सर."

बाहेर येऊन प्लॅनची फाइल भावनाबेनच्या हातात दिली. नाही म्हणायचं बळ देवाने दिलं की नुसता थकवा बोलला, आजही सांगता येणार नाही.

रविवारी फोन बंद करून चर्चमध्ये बसले. पहिलं गीत संपेपर्यंत मनाने मी कोयलीलाच होते. प्रार्थनेला डोळे मिटले, आणि खरं सांगते, शांती मागत नव्हते. मीटिंग नीट होऊ दे, एवढंच म्हणत होते. मग मागणंही थांबलं. नुसती बसून राहिले. घाई नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, कशाचं ते विचारू नका.

सोमवारी ऑफिसात शिरता शिरता भावनाबेनना गाठलं आणि काल काय झालं ते विचारलं. "काले शुं थयुं?"

"कशुं नहीं. बे सवाल पूछ्या, में जवाब आप्या. पछी नास्तो." म्हणजे दोन प्रश्न, दोन उत्तरं आणि अगदी वेळेत नाश्ता.

"मारुं कोईए पूछ्युं?" माझी कोणी चौकशी केली का, मला तेच ऐकायचं होतं.

"ना रे!"

साहेबांनी रिव्ह्यूमध्ये 'उपलब्धता कमी' असं लिहिलंच. त्यानंतर रविवारची मीटिंग मात्र माझ्या नावावर कधी लागली नाही.

त्या रविवारी कोणी मला शोधलंही नाही, याचा राग यावा की हायसं वाटावं, आधी समजेना. शेवटी हायसं वाटलं. सगळा भार माझ्यावर नाही, प्रभूवर आहे, असं मी रोज प्रार्थनेत म्हणत होते. पटलं मात्र माझ्यावाचून मीटिंग वेळेत संपली तेव्हा.