रिकाम्या घराला हाक मारणारी गयामाय

गल्लीत अनोळखी माणूस शिरला की शेजारची गयामाय माझ्या बंद दाराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारायची, "दादा, उठलात का? कुणीतरी आलंय बघा." आत कुणीही नसायचं. मी कामावर, पोरं तिच्याच ओट्यावर, आणि ज्याला ती दादा म्हणून उठवत होती तो माझा नवरा जाऊन वर्ष होत आलेलं. पण ती हाक ऐकली की आलेला माणूस आपोआप मागं सरकायचा. फेरीवाला असो, बचतगटाचा वसुलीवाला असो, दाराशी रेंगाळायचा नाही.

पहिल्यांदा ही हाक मी स्वतः ऐकली तेव्हा तापानं घरातच पडून होते. अंगावर काटा आला. म्हातारीला भ्रम झाला असं वाटलं. संध्याकाळी भीत भीत विचारलं, तर ती मलाच हसली.

"आमचे हे गँगमन होते. रुळावर गेले की दोन-दोन दिवस पत्ता नसायचा. रेल्वेच्या चाळीत समद्या बायाच. मग एकीच्या दारात परका माणूस आला की दुसरीनं तिच्या नवऱ्याला हाक मारायची. नवरा घरात असो, नसो. तसा कायदाच होता आमचा."

"पण माय, माझे तर कायमचेच नाहीत."

"ते तुला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय. येणाऱ्याला कामून सांगायचं?"

पूर्णा या रेल्वेच्या गावी मी लग्नानंतर आले. माझं माहेर गोंदियाकडं, धानाच्या मुलखात. शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा लांब होती आणि धाकटी भावंडं जवळ. नवरा आमच्याच भागातला, रेल्वेच्या विजेच्या तारांचं काम घेणाऱ्या ठेकेदाराकडं होता. कामासोबत फिरत फिरत आम्ही इथं थांबलो आणि इथंच काविळीनं तो गेला. मुलगा साहिल तेव्हा पहिलीत होता, परी अजून चालायला शिकत होती.

माझा भाऊ न्यायला आला. वाईट बोलला नाही. साहिलला आश्रमशाळेत घालू, परीला आई सांभाळील, तू माझ्यासोबत धानाच्या रोवणीला चल, म्हणाला. म्हणजे आम्ही तिघं तीन ठिकाणी. मी नुसती "हो जी, हो जी" करत होते. गयामाय तेव्हा फक्त शेजारची बाई होती. ती ओट्यावरून म्हणाली, "दादा, राग नका मानू. पण लेकरं वाटून घ्यायला ती काय भांडी हायेत का?" भावानं पिशवी उचलली. जाताना मला म्हणाला, बघ, जमलं तर राहा, नाहीतर फोन कर.

जमवायचं म्हणजे काम हवं. परभणीत एका खाजगी दवाखान्यात फरशी पुसायचं, चादरी बदलायचं काम मिळालं. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. पोरं गयामायकडं. तिला नवऱ्यामागं रेल्वेची पेन्शन होती, मुलगा नागपूरला नोकरीला. मी तिला काय देऊ, असं विचारलं तर म्हणाली, "भाकरी थापायला शीक. भात खाऊन लेकरं उभी ऱ्हातेत का?" आणि तिनं मला ज्वारीची भाकरी शिकवली. माझी भाकरी परातीतच फाटायची. "हिनं नकाशा काढलाय बघा," असं ती गल्लीला दाखवायची.

मला सगळ्याचीच भीती वाटायची. परतीची गाडी वाटेतल्या मिरखेल स्टेशनात थांबून राहिली की मी दारात जाऊन उभी राहायचे. फोन करून विचारायचे, परी रडते का, साहिल रुळाकडं तर नाही ना गेला. गयामाय फोनवर ओरडूनच बोलायची. "गाडी तुझ्या हातात हाय का? न्हाई. लेकरं माझ्या हातात हायेत का? हायेत. मग बस की गप."

बाप नसलेल्या लेकरांसाठी सरकार महिन्याला पैसे देतं, हे अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. बालसंगोपनाचे पैसे म्हणतात. कागद केले, परभणीला बालकल्याण समितीसमोर दोन्ही पोरांना उभं केलं आणि पैसे सुरू झाले. त्या पैशांवर खोलीचं भाडं आणि साहिलची शाळा भागायची, माझ्या पगारावर खाणं. यातलं एक जरी सुटलं तरी भावाला फोन करावा लागणार, हे मला रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी आठवायचं. दवाखान्याचे मॅनेजर म्हणाले, पगार बँकेत टाकू का, तर मी घाईनं म्हणाले, नको, हातातच द्या. बँकेत पगार दिसला तर पोरांचे पैसे बंद होतात, असं एक जण सांगायचा. होत नाहीत, असं दुसरा. खरं काय ते विचारायला जायचं तर खाडा पडणार. म्हणून मी कुणालाच विचारलं नाही.

सांगितलं एवढंच होतं, की वर्षातून एकदा घर बघायला कुणीतरी येईल. कधी, ते सांगितलं नव्हतं.

एक दिवस मी गाडीवरून आले तर गयामाय ओट्यावर तांदूळ निवडत खुशीत बसलेली.

"आज दोघं आलती गं. एक बाई, एक पोरगा. बाईच्या गळ्यात पट्टा, पोराच्या हातात मोबाईल. तुझ्या घराचा फोटो काढायलाय. मी म्हणलं, दादा, उठा, कोण आलंय बघा. बाई म्हणती, कोण दादा? म्हणलं, हिचे मालक. रातपाळी करून झोपलेत. उठवू का? ती म्हणती, नको, झोपू द्या."

"अजून काय विचारलं?"

"लेकरांची नावं, शाळा. तू कुठं कामाला जातीस ते. मी सांगतीय व्हय? म्हणलं, ती कुठं जात न्हाई, मालक लय कमावतेत. अशी गेली बघ, मागं वळून बघितलं न्हाई."

मी ओट्यावरच बसले. "माय, ती सरकारची बाई होती. पोरांच्या पैशाची."

तिचा हात तांदळात थांबला. "मग तिनं सांगायचं न्हाई का?"

"गळ्यात ओळखपत्राचा पट्टा होता ना."

"पट्टा तर सिलेंडरवाल्याच्या बी गळ्यात असतोय," ती म्हणाली. पण तोंड उतरलं होतं.

पुढच्या महिन्याला पैसे आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. खाडा टाकून ऑफिसात गेले. तिथल्या मॅडम वाईट बोलल्या नाहीत. "ताई, तुमची शेजारीण स्वतः सांगते. आम्ही काय लिहायचं?" मी मृत्यूचा दाखला पुढं केला. त्यांनी तो बघितला आणि परत दिला. "ते वारले, हे मान्य आहे. आत्ता घरात मालक म्हणून कोण आहे, हा प्रश्न आहे." ते वाक्य मी गाडीत डोक्यावर ओझं घेतल्यासारखं घेऊन आले. त्या रात्री भावाचाही फोन आला. आश्रमशाळेचे प्रवेश चालू आहेत, काय ठरवलंस?

मी गयामायशी बोलणं सोडलं. पण राग धरायचा आणि सकाळी त्याच बाईच्या दारात पोरं सोडायची, हे फार अवघड काम आहे. परी तिच्या मांडीवर द्यायची आणि तोंड फिरवून स्टेशनकडं निघायचं. तीही काही बोलायची नाही. परीचे केस विंचरून ठेवायची, साहिलच्या शर्टाची तुटलेली गुंडी लावून ठेवायची. आणि तिनं हाका मारणं बंद केलं. गल्लीत कुणीही येवो, ती खाली मान घालून बसायची. ते ऐकू न येणं मला जास्त भीती घालायचं.

परत अर्ज करून समितीची तारीख मिळाली. त्या दिवशी सकाळी मी पोरांना घेऊन स्टेशनवर आले, तर गयामाय बाकावर बसलेली. विहारात वंदनेला जाताना नेसायची ती पांढरी साडी नेसलेली.

"मी बी येते," एवढंच म्हणाली.

गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. परभणी जवळ आलं तेव्हा हळूच विचारलं, "तिथं खोटं बोललं म्हणून धरून ठेवतेत का गं?"

मला ठाऊक नव्हतं. मी नाही म्हणाले. तिनं माझा हात धरला, तो आत जाईपर्यंत सोडला नाही. तिचा हात गार होता. इतके दिवस मी समजत होते की आमच्या दोघींत घाबरणारी मी एकटीच आहे.

आत लांब टेबलामागं तीन जण होते. घर बघायला आलेल्या मॅडम बाजूला उभ्या. मधल्या बाईंनी विचारलं, "आजी, तुम्ही त्या दिवशी हाक मारली, तेव्हा घरात कोण होतं?"

"कुणी न्हाई."

"मग हाक कुणाला मारली?"

"कुणी न्हाई म्हणूनच मारली, बाईसाहेब. माणूस असता तर त्याचा तो उठला असता. मी कामून घसा फोडू?"

कडेचे साहेब हसले. मधल्या बाई हसल्या नाहीत. "त्या दिवशी खोटं बोललात. आज खरं बोलताय, हे आम्ही कशावरून धरायचं?"

गयामायनं पदर सारखा केला. मला वाटलं, संपलं. मी मनात भावाला फोन लावून मोकळी झाले होते.

"त्या दिवशी समोर कोण हाय, मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "वळख नसलेल्या माणसाला मी अजून बी तेच सांगन. त्याला खरं सांगून ह्या पोरीचं काय होईल, ते मी बघितलेलं हाय. तुमाला खोटं सांगून काय होतंय, ते बी आता बघितलं. घरात ही आन् ही दोन लेकरं. दिवसा मी. बास."

परी तिच्या मांडीवर झोपली होती. मधल्या बाईंनी तिच्याकडं बघितलं, मग मॅडमना म्हणाल्या, एका माणसाच्या शब्दावर होत नाही. गल्लीत जाऊन पंचनामा करा, पाच जणांच्या सह्या घ्या.

परतताना मला रडू आवरेना. म्हणजे आता भर गल्लीत पाच माणसं उभी राहून सांगणार, की हिच्या घरात पुरुष नाही. गयामायनं जे वर्षभर झाकून ठेवलं ते सरकारी कागदावर उतरणार. ती म्हणाली, "उघडं तर उघडं. आता झाकायचं न्हाई. आता समद्यांनीच बघायचं."

पंचनाम्याला तिनंच माणसं गोळा केली. शिंपीकाम करणाऱ्या नसीमभाभी, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, किराणावाले, आणि आजवर माझ्याशी न बोललेल्या दोन बाया. मॅडमनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मी जमिनीकडं बघत उभी होते. सह्या झाल्या आणि माणसं निघाली, तशी गयामाय मधे उभी राहिली.

"सही केली ना समद्यांनी, की ह्या घरात कुणी न्हाई? मग आता ध्यान तुमीच ठेवायचं. सही करून घरी जाऊन झोपायचं न्हाई."

किराणावाले म्हणाले, "माय, मी तर नुसता पंच."

"पंच हायेस म्हणूनच म्हणायलेय. ह्यो साहिल शाळेतून येताना रस्ता तुझ्या दुकानापुढून हाय. दिसला न्हाई तर मला सांगायचं."

नसीमभाभी हसून म्हणाल्या, "और मेरे कू क्या काम?"

"तुला परी. तिला तुझी मशीन लय आवडती."

पैसे परत सुरू झाले, राहिलेल्या महिन्यांसकट. मी भावाला फोन करून सांगितलं की आम्ही इथंच राहतो. तो म्हणाला, बरं. फोन ठेवताना म्हणाला, त्या म्हातारीला नमस्कार सांग.

त्यानंतर गयामाय आठवड्यातून एखाद्या दिवशी पोरांना कुणाच्यातरी घरी बसवायला लागली. कधी काकांकडं, कधी भाभीकडं. म्हणायची, मला जरा दवाखान्यात जायचंय. मला वाटायचं, निमित्त आहे, पोरांना गल्लीची सवय लावते. निमित्त नव्हतं. पाय सुजायचे, साखर वाढलेली. विचारलं की म्हणायची, "तुझी फिकर तुला पुरंना का? माझी कशाला घ्यायलीस?"

गेल्या हिवाळ्यात ती गेली. भर दुपारी. दवाखान्यात आमचे फोन कपाटात ठेवावे लागतात. सुटी झाल्यावर बघितलं तर नसीमभाभींचे फोनच फोन येऊन गेलेले. तिथंच कपाटाशी उभी राहून फोन लावला. मला वाटलं, पोरांचं काही. भाभींनी सांगितलं, पोरं बरी आहेत, माय गेली.

मी पोचले तेव्हा नागपूरहून मुलगा यायचा होता. पांढऱ्या साड्यांतल्या बाया बसल्या होत्या, वंदना चालली होती. परी एका बाईच्या मांडीवर, साहिल काकांजवळ. मी गयामायच्या पायाशी बसले. खरं सांगते, रडू यायच्याही आधी मनात आलं, उद्या पोरं कुणाकडं? उद्या सकाळची गाडी, उद्याचा खाडा, आणि पुढचे सगळे दिवस. तिच्या पायाशी बसून मला तेच सुचत होतं. ती असती तर तिला यात वावगं वाटलं नसतं. कुणाच्याही मयताला गेली की रडारड थांबायच्या आत ती विचारायची, लेकरं जेवली का.

नसीमभाभी माझ्या शेजारी येऊन टेकल्या. कानाशी म्हणाल्या, "सुबू बच्चों को मेरे कने छोड. डब्बा मत बना. राख सावडायला तिसऱ्या दिवशी सुटी घे, कल नको."

मुलगा रात्री पोचला आणि रातोरात माती झाली. सकाळी परी झोपेतच होती. तिला उचलून भाभींच्या अंथरुणावर ठेवली. साहिल दप्तर घेऊन मशीनजवळ बसला. भाभींनी परीवर गोधडी ओढली आणि मला हातानंच जा म्हणाल्या. किती दिवस, हे त्यांनी विचारलं नाही. मलाही सांगता आलं नसतं. गाडीची वेळ झाली होती.