एकहाती वापरलेला

चिंतूदादाला सकाळी कुणी "आज हवा बरी आहे" म्हटलं, तरी तो आधी खिडकीबाहेर डोकावून खात्री करून घेतो आणि मगच "हं" म्हणतो. गिरगावात मुगभाटातल्या आमच्या इमारतीत हे "हं" सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मी त्याच्या वरच्या मजल्यावर जन्मले, तिथेच केस पिकवले, आणि बँकेतही बत्तीस वर्षं आम्ही एकाच शाखेत. मी कॅशला, तो सह्या पडताळायला. त्यामुळे त्याच्याबद्दल चार वाकडे शब्द बोलायचा हक्क मी कमावलेला आहे.

पूर्ण नाव चिंतामणी भाटवडेकर. चेकवरची सही नमुन्याशी जुळते का, हे बघण्यात त्याचा जन्म गेला. "आकार कुणीही गिरवतो, नलू," तो मला डबा खाताना सांगायचा. "पेन कुठे अडखळलं ते बघायचं." या एका नियमावर त्याने बँकेला कितीतरी वेळा वाचवलं आणि याच नियमाने घरच्यांना जेरीस आणलं. दुर्गावहिनींनी आणलेली मेथीची जुडी तो अजून सोडवून बघतो, मधे गवत भरलंय का म्हणून.

निवृत्त झाल्यावर हा माणूस आता आमचा जीव खाणार, अशी सगळ्यांना धास्ती होती. पण त्याला लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार सापडला. झालं असं की तिसऱ्या मजल्यावरच्या ध्रुवने, तो ॲनिमेशनचं काम करतो, तिथून स्वस्तात एक ग्राफिक्स कार्ड आणलं आणि ते आठवड्यात बंद पडलं. दुकानदार ओळख द्यायला तयार नाही. चिंतूदादाने ते रिकामं खोकं मागून घेतलं, गॅलरीच्या उजेडात फिरवलं आणि म्हणाला, "सील दोनदा चिकटवलंय. खालच्या डिंकाला धूळ आहे, वरच्या डिंकाला नाही." तेव्हापासून आमच्याकडे कुणाला रॅम घ्यायची असो, हार्ड डिस्क घ्यायची असो, नाहीतर जुना लॅपटॉप, चिंतूदादाला सोबत नेल्याशिवाय कुणी जात नाही.

मीही एकदा गंमत म्हणून गेले होते. पाय ठेवायला जागा नाही अशी दुकानं, छतापर्यंत खोकी, आणि गल्ल्यावरचा माणूस आपल्याकडे न बघता बोलणारा. "एकदम नया है अंकल, कंपनी पॅक. बिल चाहिए तो रेट अलग." चिंतूदादाने खिशातून भिंग काढलं. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे आहेत का बघितलं, पंख्याच्या पात्यांमागे बोट फिरवलं आणि चक्क वास घेतला. "तापलेलं आहे," तो म्हणाला. "रात्रंदिवस कुठेतरी राबवून आता धुऊनपुसून ठेवलंय." दुकानदाराने पहिल्यांदा मान वर केली. "आप किधर से आते हो अंकल?" त्याने विचारलं. "गिरगाव," असं एखाद्या सरकारी खात्याचं नाव सांगावं तसं सांगून दादा बाहेर पडला. मला हसू आवरेना.

पण हाच माणूस गेल्या दिवाळीत जे करून बसला, त्याचं मला हसू आलं नाही. त्याची मुलगी मेघना नाशिकला असते. ती आणि तिची अकरा वर्षांची स्पृहा दिवाळीला आल्या होत्या. वहिनींची एक बांगडी सापडेना. सगळं घर पालथं घातलं आणि मग स्पृहा खाली किल्ला बघायला गेलेली असताना दादाने तिची बॅग उघडली. कपडे काढले, वही झटकली, पेन्सिलींचा डबासुद्धा पालथा केला. पोर परत आली होती आणि दारात उभी राहून बघत होती. बांगडी तासाभराने पिठाच्या डब्यामागे मिळाली. मेघना दुसऱ्या दिवशीच मुलीला घेऊन परत गेली.

मी त्याला त्याच दिवशी खाली जाऊन झापलं होतं. "माफी माग तिची." तर हा म्हणतो, "तपासलं म्हणजे चोर म्हटलं असं होत नाही, नलू." मला असा संताप आला की मी चहा न घेता निघून आले.

मार्चमध्ये मेघनाचा फोन आला की मे महिन्यात स्पृहा यायचं नाही म्हणते. का? तर आजोबांकडे गेमिंग कन्सोल नाही आणि तिला कंटाळा येतो. वहिनींना कळलं, मला कळलं, खालच्या वाण्यालाही कळलं असतं. पण जन्मभर प्रत्येक अक्षरावर शंका घेतलेल्या या माणसाने नेमका हा बहाणा तेवढा खरा मानला. "एवढंच ना?" म्हणाला. "घेऊन टाकू." मी गप्प बसले. नात यावी म्हणून त्याचा जीव किती तुटत होता ते दिसत होतं. रोज कॅलेंडरपाशी जाऊन उभा राहायचा.

नवा कन्सोल पेन्शनीत बसणारा नव्हता. जुने पाहिले, पण एकही याच्या पसंतीला उतरेना. एक कुणीतरी उघडून पुन्हा जोडलेला, एकाच्या बिलावरचा नंबर वेगळा, एक विकणारा फोनवर फारच गोड बोलला म्हणून बाद. एप्रिल संपत आला. मग ध्रुवने एक जाहिरात दाखवली. भोईवाड्यातली होती, मराठीत लिहिलेली. "गेमिंग कन्सोल विकणे आहे. एकहाती वापरलेला. उत्तम चालू स्थितीत. किंमत कमी होणार नाही."

"एकहाती," दादा म्हणाला. "दलालांची भाषा. एकच मालक म्हणून सांगतात आणि विकणारा चौथा असतो. शिवाय किंमत निम्मी. का बरं निम्मी?"

"जायचंय की नाही?" मी विचारलं.

"जायचं. पण तू चल. दोन माणसं असली की फसवायला अवघड जातं."

शनिवारी दुपारी आम्ही भोईवाड्यात पोचलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि दादाचा गुडघा दुखरा. दार बाबुराव कदमांनी उघडलं. साठीचे, कृश, इस्त्रीचा शर्ट घातलेले. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली स्टुलावर पुसून ठेवलेला कन्सोल. आम्हाला पाणी दिलं आणि समोर बसले. नजर मात्र जमिनीकडे.

"कुणाचा आहे हा?" दादाने सुरुवात केली.

"मुलीचा. दीपिकाचा."

"विकताय का?"

"तिला ऑफिसातून नवा मिळालाय."

"ऑफिसातून? गेम खेळायचा कन्सोल?" दादाने माझ्याकडे पाहिलं. "बिल?"

"ते तिलाच माहीत. आत काम चाललंय तिचं, घरूनच करते. येईल एवढ्यात."

आतल्या खोलीला पडदा होता. पडद्यामागून टकटक ऐकू येत होती, संथ, मधेच थांबणारी. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, शंका मलाही आली. ऑफिस कन्सोल देतं, मुलगी पुढे येत नाही, बाप नजर चुकवतो. हे चोरीचं तर नाही ना, असं माझ्याही मनात येऊन गेलं.

दादाने मुख्य यंत्र उलटंपालटं केलं. स्क्रू कोरे होते, नंबर जुळत होता. त्याचं समाधान होईना. मग त्याने हातात धरून खेळायचा तो कंट्रोलर उचलला, भिंग लावलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. हा चेहरा मला बँकेतून ठाऊक होता.

"नलू, इकडे बघ. डाव्या बाजूची दांडी झिजून गुळगुळीत. रबर गेलंय. डावीकडची वरची बटणं बघ, अक्षरं पुसलीत. आणि उजवी बाजू?"

मी पाहिलं. उजवीकडची सगळी बटणं करकरीत होती, जणू कालच खोक्यातून काढलेली.

"आणि आता ही गंमत बघ. उजवी बटणं नवी, पण त्याच बाजूची खालची मूठ घासून चकचकीत झालीये. वापर नाही आणि झीज मात्र आहे. असं कधी होईल?" त्याने भिंग खाली ठेवलं. "दोन तुटक्या कंट्रोलरचे अर्धे-अर्धे भाग जोडलेत. बाबुराव, हा माल तुम्ही कुठून आणलात?"

बाबुरावांचा चेहरा पडला. "साहेब, असं कसं बोलता तुम्ही?"

"मी बोलत नाहीये. वस्तू बोलतेय. हा जोडलेला माल आहे. आणि तुम्ही खोटं सांगताय."

आतली टकटक थांबली. पडदा सरकवून एक मुलगी बाहेर आली, पंचविशीची असेल, चष्मा लावलेली. तिने डाव्या हाताने दादाच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला. उजवा हात कोपरात मुडपलेला, बारीक, अंगाशी चिकटलेला होता. ती बापाशेजारी जमिनीवर बसली, कंट्रोलरची उजवी मूठ तिने गुडघ्यावर टेकवली आणि डावा पंजा सगळ्या डाव्या बटणांवर पसरला.

"असं होतं, काका," ती म्हणाली. "सेटिंगमध्ये बटणं बदलता येतात. ब्रेक, ॲक्सिलरेटर, सगळं डावीकडे घेतलंय मी. सहा वर्षं रेसिंग खेळतेय असंच. आणि जाहिरातीत लिहिलं होतं की, एकहाती."

"त्याचा अर्थ एक मालक असा..." दादा पुटपुटला.

"मालक पण एकच, हात पण एकच. म्हटलं, जोक कळेल लोकांना." ती हसली नाही. "मी गेम टेस्टिंग करते. गेममध्ये कुठे काय चुकलंय ते शोधायचं. तुमच्यासारखंच काम आहे. पण चूक दिसली की आम्ही आधी विचारतो, हे असं का झालंय. पहिल्या फटक्यात कोणाच्या बापाला चोर नाही बोलत."

"चोर नाही म्हटलं मी. मी फक्त तपासत..."

"तपासा ना. सगळेच तपासतात. दाखला रिन्यू करायला गेले की हात अजून लुळाच आहे का ते तपासतात. कॉलेजात जातीचा कागद तपासला, जॉबला हात तपासला. निदान त्यांचं ते काम होतं. तुम्ही तर गिऱ्हाईक आहात." तिने कंट्रोलर स्टुलावर ठेवला. "तुम्हाला नाही विकायचा मला. पप्पा, दार उघडा त्यांना."

बाबुराव उठले. एवढं होऊनही जाताना त्यांनीच "जिना सांभाळून उतरा" म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी भरभर खाली आले. दादा मागून एकेक पायरी उतरत होता.

खाली आल्यावर मी तोंड सोडलं. "कावीळ झालीये तुला, चिंतूदादा. पहिल्यांदा नातीला, आता या पोरीला. आणखी कुणाकुणाच्या पिशव्या झटकणार आहेस?" तो पानाच्या टपरीच्या सावलीत उभा राहून घाम पुसत राहिला. तेवढ्यात फोन वाजला. मेघनाचा नंबर. त्याचे हात घामाने भिजलेले, म्हणून मीच घेतला आणि स्पीकर लावला. फोनवर स्पृहा होती.

"आजोबा, आई विचारतेय, मिळाला का तो कन्सोल?"

"नाही गं," दादा म्हणाला. "त्या मुलीने दिला नाही."

"का?"

खोटं सांगता आलं असतं. किंमत जमली नाही म्हणाला असता, माल खराब निघाला म्हणाला असता. मी त्याच्याकडे बघत होते.

"मी तिच्या वडिलांना खोटारडे म्हणालो. ते खोटारडे नव्हते."

पलीकडून मग पोरीने विचारलं, "तिची पण बॅग उघडलीत तुम्ही?"

दादाने टपरीच्या फळीला धरलं. "हो," तो म्हणाला. "तसंच केलं."

"मग सॉरी म्हणालात?"

"नाही."

"मला पण नाही म्हणालात."

त्याने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि इमारतीकडे वळला. मी हाक मारली तरी थांबला नाही. गुडघ्यावर हात देत जिन्यात दिसेनासा झाला.

"नलूआजी, आजोबा कुठे गेले?" फोनमधून आवाज आला.

"वर. त्या ताईकडे."

"कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"लिफ्ट आहे?"

"नाही बाळा."

 "त्यांचा गुडघा दुखतो ना पण," ती म्हणाली. "मी थांबते. फोन ठेवू नकोस."

मी फोन हातात धरून टपरीपाशी उभी राहिले. पंधरा मिनिटं झाली असतील. पोरीने फोन ठेवला नाही. मधेच कुणाशी तरी बोलायची, मग परत विचारायची, "आले का?" शेवटी दादा आला. दोन्ही हात रिकामे.

"दिला नाही तिने?" मी विचारलं.

"मी मागितला नाही," तो म्हणाला आणि फोनसाठी हात पुढे केला.

"स्पृहा, दिवाळीत मी तुझी बॅग उघडली. तू काही घेतलं नव्हतंस, आणि तू घेणार नाहीस हे मला माहीत होतं. तरी उघडली. माझं चुकलं. बेटा, माझं फार चुकलं." त्याचा आवाज फुटला आणि रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. त्याने नाक पुसलं. "आणि तो कन्सोल काही मिळाला नाही. आता मेपर्यंत मिळेलसं वाटत नाही."

"मला तो नकोच होता," स्पृहा म्हणाली.

दादाने फोन आणखी जवळ धरला. 

"मग येशील?" त्याने विचारलं.

"आईला विचारते," ती म्हणाली, आणि लगेच पलीकडून तिची मोठ्याने मारलेली हाक ऐकू आली, "आई, गिरगावला कधी जायचं?"