हरलेल्या संघाजवळचा डबा

गायकवाड सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा कॉलेजच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक. सामन्याचे रेफरी असलेल्या सरांनी आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली आणि आम्ही हरलो. मी रागाने हातमोजे आपटत बसले होते, तर सर स्वतःच आमच्यात येऊन बसले आणि त्यांनी डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाचटणी. म्हणाले, "मला पेनल्टी दिसली, बाळ. तुला न्हाय दिसली आसंल. आदी खा, मग भांड." आमच्या घरची भाषा तेलुगू; आईने त्यातूनच फैलावर घेतले, ज्यांनी हरवलं त्यांचीच भाकरी खाऊन आलीस म्हणून.

कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातली नोकरी सांभाळून सरांनी आपले सगळे रविवार मैदानाला दिले. सामना संपला की हरलेल्या संघाबरोबर जेवायचे, हा त्यांचा नेम. मलाही रेफरी त्यांनीच केले. मुलींच्या एका सामन्याला कपडे बदलायला खोली नव्हती. आयोजकांनी शेजारच्या शाळेचे कुलूप उघडेपर्यंत सरांनी शिट्टी खिशातून बाहेर काढली नाही.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये व्हिडिओ पाहून निर्णय बदलतात, मग आपल्या स्पर्धेत का नको, हा वाद यंदा सोलापुरात चांगलाच पेटला. तरुण मंडळी बाजूने, जुने रेफरी विरोधात. बैठकीत सर सावकाश उठले. "कॅमेरा आना की. पन माजी चूक पडद्यावर दिसल्यावर पोरं माझ्यासंगं जेवतील का, येवढंच भ्या वाटतंय." शेवटी अंतिम सामन्यापुरता कॅमेरा लावायचे ठरले.

अंतिम सामन्यात पडद्यासमोर मी होते, मैदानात सर. दुधनीच्या संघाने शेवटी शेवटी बरोबरी साधली आणि सरांनी गोल दिला. पडद्यावर मात्र चेंडू गोल करणाऱ्याच्या हाताला लागलेला स्वच्छ दिसत होता. ज्यांनी शिट्टी धरायला शिकवली, त्यांचीच चूक चारचौघांत दाखवायची, या विचाराने मी ते दृश्य पुन्हा एकदा मागे नेऊन पाहिले. पण डोळेझाक करायला त्यांनी कधी शिकवले नव्हते. मी हात वर केला. सरांनी येऊन एकदा पाहिले, मान डोलावली आणि मैदानात जाऊन गोल रद्द केला. दुधनीचा संघ हरला.

सामन्यानंतर सर डबा मांडीवर घेऊन कडेला एकटेच बसले. हरलेल्या पोरांकडे जायला त्यांचा पाय उचलेना. मला भरून आले. तेवढ्यात दुधनीचा कप्तान घामाघूम तसाच त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

"सर, भाकरी कुटं हाय? आमी हरलोय की."

सरांनी डब्याचे झाकण काढले. त्यांचे डोळे भरलेले आम्ही पाहून न पाहिल्यासारखे केले. थोड्या वेळाने जिंकलेली पोरेही हळूच येऊन बसली.

आज सर साठी पूर्ण करीत आहेत. त्यांच्या गुडघ्यांत बळ राहो आणि कडक भाकरी चावणारे त्यांचे दात शंभरीपर्यंत शाबूत राहोत. शिष्या म्हणून माझी एकच विनंती आहे. सर, डबा आता जरा मोठा आणत जा. हल्ली दोन्ही संघ जेवायला येतात.