आधी वाचून दाखवा

कुमुदताई राऊत यांच्या एकसष्टीच्या ग्रंथासाठी लेख मागताना संपादकांनी मला प्रेमाने बजावलं होतं, "जुनी भांडणं नकोत." मी हो म्हटलं होतं. पण भांडण वगळलं तर ताईंचं निम्मं आयुष्यच वगळावं लागतं, म्हणून शब्द मोडते आहे.

ताईंची नि माझी पहिली भेट अमरावतीतल्या एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात झाली. त्या विभागप्रमुख होत्या. मी नुकतीच शिकून रुजू झाले होते आणि मला यंत्रांचं भारी कौतुक होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम सांगितला. केसपेपरवर जे लिहाल, ते सही करण्याआधी पेशंटला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं. मला तो निव्वळ वेळेचा अपव्यय वाटला.

दोन महिन्यांनी भातकुलीहून शांताबाई आल्या. कापूस वेचणाऱ्या बाई. मान अशी आखडलेली की हाक मारली तर सगळं अंग वळायचं. एक्स-रेमध्ये काही नव्हतं. मी पंधरा दिवस शेक दिला, व्यायाम दिले, फरक काहीच नाही. शेवटी वैतागून मी केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं, की ही बाई दुखणं वाढवून सांगते. सही ठोकली आणि वाचून दाखवलं नाही.

कागद ताईंच्या हाती पडला. त्या रागावल्या नाहीत. शांताबाईंना खुर्ची दिली, मला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "वाच. मराठीत."

मी वाचलं. शांताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग दुखते कोनाले पोरी? मले, का तुया कागदाले?"

त्या दिवसाची लाज अजून वाटते, आणि ती जाऊ नये असंच मला वाटतं.

मग ताई स्टूल ओढून बसल्या. मानेला हातही न लावता म्हणाल्या, "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं, ते सांगा." बोलता बोलता कळलं, की टोळीतल्या बाया ऑटोने वेचणीला जातात आणि शांताबाई एकट्या पायी. रोज उशीर होतो, म्हणून मुकादमाने टोळीतून काढायची तंबी दिलेली.

"तुमी काहून नाही बसत ऑटोत?" ताईंनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

शांताबाई म्हणाल्या, "मांगच्या साली थो उलटला. मी होती त्याच्यात. मले लागलं नाही, म्हनून कोनी इचारलंच नाही."

तेव्हापासून गाडीचा आवाज आला की त्यांची मान ताठ व्हायची आणि झोपेतही सैल पडायची नाही. मी पंधरा दिवस त्या भीतीला शेक देत बसले होते.

ताईंनी मानेचे व्यायाम चालूच ठेवले, पण रुग्णालयाच्या आवारात एक ऑटोही उभा करवला. पहिल्या दिवशी दोघी बंद ऑटोत नुसत्या गप्पा मारत बसल्या. मग इंजिन सुरू केलं. मग फाटकापर्यंत, मग भातकुलीच्या रस्त्याला. शांताबाई "बस" म्हणाल्या की थांबायचं. पुढच्या वेचणीला शांताबाई टोळीबरोबर ऑटोतून गेल्या.

इथेच भांडण पेटलं. व्यवस्थापनाचं म्हणणं, विभागप्रमुख बाईंनी ऑटोत फिरणं शोभत नाही, एका पेशंटला दहा मिनिटं पुरे आणि वाचून दाखवण्याचं खूळ बंद. तशी लेखी हमी मागितली. ताईंनी तो कागद सगळ्या विभागासमोर खणखणीत आवाजात वाचला आणि म्हणाल्या, "सही करत नाही. दुखनं काही मानेत एकटं राहत नाही. त्याले घर असते, काम असते, भेव असते. दहा मिनिटांत मले नुसती मान दिसते."

त्याच महिन्यात त्या नोकरी सोडून अकोल्याला गेल्या आणि दोन खोल्यांत काम सुरू केलं. लोक म्हणाले, बाईंचं डोकं फिरलं. मी मात्र लगेच मागोमाग गेले नाही. हिंमत गोळा करायला मला सहा महिने लागले. मला दारात पाहून त्यांनी "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

अजूनही शहाणी माणसं विचारतात, पेशंटशी इतकं बोलत बसायला वेळ कुठे असतो? पंधरा दिवस चुकीचा शेक द्यायला होता की मला वेळ!

हा लेख मी ताईंना वाचून दाखवला. त्यांनी स्तुतीचे दोन परिच्छेद खोडायला लावले आणि विचारलं, "शांताबाईले वाचून दाखवला का?" नव्हता. दुसऱ्या दिवशी बस धरून भातकुलीला गेले. शांताबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "सारं बराबर हाय. पन पुरी बरी झाली, हे काट. थंडीत दुखते अजून. भेव गेलं, थे लिही."

ते वाक्य काटलं आहे. संपादकांनी आता यातलं काही काटायचं असेल, तर आधी शांताबाईंना जाऊन वाचून दाखवावं.

कुमुदताईंना खूप आयुष्य लाभो आणि त्यात त्यांचा हट्ट तसूभरही कमी न होवो. त्यांचं कधी काही दुखलंच, तर त्यांच्या पहिल्या शब्दावर विश्वास ठेवणारं माणूस समोर असो. मी स्टूल घेऊन बसलेलीच आहे, ताई, आणि दहा मिनिटांत उठणार नाही.